संगणक प्रणाली प्रशासन

संगणक प्रणाली प्रशासन म्हणजे एखाद्या संस्थेतील संगणक, सर्व्हर, नेटवर्क, विदा आणि वापरकर्त्यांची खाती यांची उभारणी, देखभाल व संरक्षण करण्याचे काम होय. हे काम करणाऱ्या व्यक्तीस प्रणाली प्रशासक म्हणतात. व्यवहारात 'सिस्टीम ॲडमिन' किंवा नुसते 'ॲडमिन' हे शब्द रूढ आहेत. संगणक आज्ञावली लिहिणारा प्रोग्रामर आणि ती वापरणारा कर्मचारी यांच्या मधली ही भूमिका आहे. बँक, रुग्णालय, विद्यापीठ, नगरपरिषद, तहसील कार्यालय, कारखाना अशा ज्या ज्या ठिकाणी रोजचा व्यवहार संगणकावर अवलंबून असतो, तेथे हे काम कोणाला तरी करावेच लागते. त्यासाठी स्वतंत्र पद असो वा नसो.

यंत्रांची संख्या वाढू लागली तशी प्रत्येक यंत्रापाशी बसून तेच ते काम करणे अशक्य झाले. त्यामुळे पुनःपुन्हा करावी लागणारी कामे यंत्राकडूनच करवून घेण्याची पद्धत विकसित झाली. तिला प्रणाली प्रशासनातील स्वयंचलन म्हणतात. आजच्या प्रणाली प्रशासनाचा हा गाभा आहे.

इतिहास

आरंभीच्या काळात संगणक हे एका मोठ्या खोलीत ठेवलेले एकच यंत्र असे आणि त्याची निगा राखणाऱ्यास 'ऑपरेटर' म्हणत. भारतात अशा यंत्रांचे आरंभीचे एक केंद्र मुंबई होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रचना करून बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्म झाला. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय तिच्यात होती. त्यामुळे कोणाला काय पाहता यावे, काय बदलता यावे हे ठरविणाऱ्या व्यक्तीची गरज निर्माण झाली. प्रणाली प्रशासक या भूमिकेला तेथून आजचे स्वरूप येऊ लागले.

भारत सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना केली. पुढे जिल्हा पातळीपर्यंत शासकीय संगणकांची जबाबदारी या केंद्राकडे आली. बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या १९८४ व १९८९ मधील अहवालांनी ठरविली. पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे 'सी-डॅक'ने, १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बँकांच्या शाखा मध्यवर्ती सर्व्हरला जोडल्या गेल्या आणि पूर्वी शाखेतील खतावणीत असलेला हिशेब दूरच्या विदा केंद्रात गेला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यानंतर स्वतःचा सर्व्हर विकत न घेता तो भाड्याने वापरणे भारतीय संस्थांना सुलभ झाले.

प्रशासकाची कामे

खाती व अधिकार
नव्या कर्मचाऱ्याला खाते देणे, बदली झालेल्याचे अधिकार बदलणे आणि सेवानिवृत्ताचे खाते बंद करणे ही प्रशासकाची नित्य कामे आहेत. येथे 'किमान अधिकार' हे तत्त्व पाळले जाते: ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार. लेखापालाला वेतनपत्रक हवे, परंतु सर्व्हर बंद करण्याचा अधिकार नको. एकच पासवर्ड अनेकांनी वापरणे ही लहान कार्यालयांतील सर्वसामान्य चूक आहे. तिच्यामुळे एखादी नोंद कोणी बदलली हे नंतर सिद्ध करता येत नाही.

अद्ययावतीकरण
आज्ञावलीत दोष आढळला की निर्माता दुरुस्ती प्रसिद्ध करतो. ती आधी मोजक्या यंत्रांवर तपासून मग सर्वत्र बसविणे हा शिरस्ता आहे. जुन्या आवृत्तीसाठी निर्माता दुरुस्त्या देणे थांबवितो तेव्हा यंत्र चालू राहते, पण असुरक्षित होते. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

बॅकअप
विदेची प्रत राखणे हे या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे काम मानले जाते. त्याचा प्रचलित नियम '३-२-१' या अंकांनी सांगितला जातो: विदेच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी. प्रत घेणे पुरेसे नसते. तिच्यावरून विदा परत उभी करून पाहणे आवश्यक असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील विदा पुसली गेली. त्या वेळी कंपनीच्या बॅकअपच्या अनेक व्यवस्था प्रत्यक्षात चालतच नव्हत्या असे आढळले. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबले. हा सर्व वृत्तांत कंपनीने स्वतःहून प्रसिद्ध केला. बॅकअप या क्षेत्रातील द्रुवा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यात स्थापन झाली.

देखरेख व नोंदी
प्रत्येक सर्व्हर आपल्यावर घडलेल्या घटनांची कालानुक्रमे नोंद ठेवतो. या नोंदवहीस 'लॉग' म्हणतात. साठवणूक भरत आली, तापमान वाढले किंवा एकाच खात्यावर चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला गेला, तर देखरेख करणारी आज्ञावली प्रशासकास सूचना देते. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील, तर घटनांचा क्रम लावता येत नाही. म्हणून घड्याळे जुळविणे हेही प्रशासनाचेच अंग आहे.

यंत्रकक्ष
सर्व्हर ठेवलेल्या खोलीचे तापमान साधारणपणे १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे असे मानले जाते. अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा प्रदेशात वातानुकूलन आणि अखंडित वीज या दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वीज गेल्यावर यूपीएस काही मिनिटांचा अवधी देतो. जनित्र सुरू करणे किंवा सर्व्हर रीतसर बंद करणे एवढ्यासाठीच तो अवधी असतो. त्यावर काम चालू ठेवणे अपेक्षित नसते.

स्वयंचलन

स्वयंचलनाची साधारणपणे तीन पायऱ्यांत विभागणी करता येते.

पहिली पायरी वेळापत्रकाची आहे. युनिक्सवर १९७० च्या दशकात 'क्रॉन' ही आज्ञावली आली. ती दर मिनिटाला आपली सारणी तपासते आणि ठरलेली वेळ आली असल्यास ठरलेले काम करते. सारणीतील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि आठवड्याचा वार असे पाच रकाने असतात व त्यांच्यापुढे करावयाच्या कामाची आज्ञा असते. रोज रात्री दोन वाजता बॅकअप घेणे हे काम अशा एका ओळीत मावते. विंडोजमध्ये याच कामासाठी 'टास्क शेड्युलर' आहे.

दुसरी पायरी स्क्रिप्टची आहे. प्रशासक एरवी हाताने ज्या आज्ञा क्रमाने देतो, त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. युनिक्स व लिनक्सवर शेल, पर्ल आणि पायथन या भाषांत, तर विंडोजवर २००६ पासून पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट लिहिल्या जातात. शाळेत नव्याने प्रवेश घेतलेल्या पाचशे विद्यार्थ्यांची खाती हाताने उघडण्यास काही दिवस लागतील. नावांच्या यादीवरून स्क्रिप्ट तेच काम काही मिनिटांत करते.

तिसरी पायरी अपेक्षित स्थितीच्या वर्णनाची आहे. येथे 'काय करावे' हे न सांगता 'यंत्र कसे असावे' हे लिहिले जाते आणि प्रत्यक्ष यंत्र तसे आहे का, हे साधन तपासून पाहते. फरक असेल तेवढाच दुरुस्त केला जातो. नसेल तर काहीही बदलले जात नाही. त्यामुळे तेच वर्णन दहा वेळा लागू केले तरी परिणाम एकदा लागू केल्यासारखाच राहतो. साध्या स्क्रिप्टमध्ये हा गुण आपोआप येत नाही. 'फाइलच्या शेवटी ही ओळ जोड' अशी आज्ञा दहा वेळा चालली तर ओळ दहा वेळा जोडली जाते. या पद्धतीचा पाया नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या 'सीएफइंजिन'ने घातला. पुढे पपेट (२००५), शेफ (२००९) आणि ॲन्सिबल (२०१२) ही साधने आली. सर्व्हरचे वर्णनच लेखी असल्याने ते गिटसारख्या साधनात जपता येते. कोणता बदल कोणी, केव्हा केला हे त्यातून कळते आणि जुन्या स्थितीकडे परत जाता येते.

स्वयंचलनाचा मोठा लाभ वेळेच्या बचतीपेक्षा एकसारखेपणात आहे. हाताने उभारलेल्या वीस सर्व्हरांपैकी एकोणिसावा नेमका वेगळा निघतो. त्याची कारणे ज्याने तो उभारला त्यालाच ठाऊक असतात आणि तो नोकरी सोडून गेला की कोणालाच ठाऊक नसतात. लेखी स्वरूपातील स्वयंचलन हे ज्ञान व्यक्तीकडून संस्थेकडे आणते. मात्र मर्यादाही त्याच गुणातून येते: बरोबर आज्ञा जितक्या वेगाने सर्वत्र पोचते, तितक्याच वेगाने चुकीची आज्ञाही पोचते. म्हणून आधी चाचणी यंत्रावर प्रयोग, मग टप्प्याटप्प्याने अंमल आणि मागे फिरण्याची तयारी या तीन गोष्टी स्वयंचलनाबरोबर अनिवार्य समजल्या जातात.

महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचे उदाहरण

सर्वसामान्य नागरिकाच्या जीवनाशी प्रणाली प्रशासनाचा संबंध कसा येतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे सातबारा उताऱ्याचे संगणकीकरण. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखपत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही मिळून सातबारा होतो. राज्यात असे सुमारे अडीच कोटी उतारे आहेत. पूर्वी ते तलाठ्याच्या दप्तरात हस्तलिखित स्वरूपात असत. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने 'ई-फेरफार' ही प्रणाली राबविली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ झाला, तर १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' ही सोय राज्यभर सुरू झाली. तिच्यामुळे पिकाची नोंद शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवरून करता येऊ लागली.

या व्यवस्थेत कार्यपद्धतीचे स्वयंचलन पाहावयास मिळते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती नोंदणी विभागाच्या 'आय-सरिता' प्रणालीतून ई-फेरफारकडे जाते. तलाठी फेरफाराची नोंद घेतो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. ती संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर तिचा अंमल होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० मध्ये सांगितलेली जुनीच पद्धत येथे यंत्राच्या आधाराने चालते. निरोप पोचविणे, मुदत मोजणे, अंमल देणे ही कामे प्रणाली करते. हरकत ऐकणे व निर्णय देणे माणसाकडेच राहते.

हस्तलिखित व संगणकीकृत उताऱ्यांत फरक राहू नये, यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. संगणकातील नोंदी ग्रामस्थांसमोर वाचून दाखवून चुका टिपल्या गेल्या. विदेची शुद्धता यंत्राला ठरविता येत नाही, ती ज्याची जमीन आहे त्यालाच ठाऊक असते, हे या उपक्रमामागील सूत्र होते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ चा आधार घेतला जातो.

पीककर्ज, पीकविमा, वारसनोंद अथवा खरेदी यांसाठी सातबारा लागतो. त्यामुळे मध्यवर्ती सर्व्हर संथ झाला की खरीप हंगामाच्या तोंडावर त्याचा परिणाम एकाच वेळी राज्यभर जाणवतो. 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य मराठी ग्रामीण व्यवहारात रुळले आहे. पूर्वी एका तलाठ्याच्या अनुपस्थितीत एका सज्जाचे काम अडत असे; केंद्रीभूत प्रणालीत एका बिघाडाने सर्वांचे अडते. वाढीव क्षमता, पर्यायी सर्व्हर आणि गर्दीच्या काळाचा पूर्वअंदाज या प्रशासनाच्या तांत्रिक बाबींना म्हणूनच सामाजिक महत्त्व आहे.

मराठी मजकुराचे प्रश्न

मराठी कार्यालयांतील प्रशासकापुढे लिपीचा एक स्वतंत्र प्रश्न असतो. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फॉन्टांत टंकला जात असे. अशा फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि केवळ फॉन्टमुळे ते देवनागरी दिसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. भारतीय भाषांसाठीचे 'इस्की' हे प्रमाणक १९९१ मध्ये स्वीकारले गेले; युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्याच धर्तीवर आहे.

जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे स्वयंचलनाचे काम आहे, पण अक्षरास अक्षर बदलून ते भागत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट आहे: दिसतो शेवटी, पण युनिकोडमध्ये 'र' आधी साठविला जातो. 'कीर्ती', 'दर्शन' यांसारखे शब्द रूपांतरात बिघडतात ते यामुळेच. 'दऱ्या'मधील ऱ्यासाठी वेगळा संकेतक्रम लागतो. नाव शोधताना 'पाटील' व 'पाटिल' हे यंत्राला दोन भिन्न शब्द असतात. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होऊ शकतात आणि दाखल्याच्या वेळी अडचण उद्भवते.

उल्लेखनीय घटना

जून २०१७ : २७ जून रोजी 'नॉटपेट्या' या विध्वंसक आज्ञावलीने मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरातील यंत्रणा बंद पाडल्या. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. वापरकर्त्यांची खाती सांभाळणारे कंपनीचे सर्व मुख्य सर्व्हर पुसले गेले होते. घाना देशातील एक सर्व्हर मात्र तेथील वीज गेल्यामुळे त्या वेळी नेटवर्कपासून तुटलेला होता आणि म्हणून वाचला. त्यावरून सर्व पुन्हा उभे करण्यात आले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारले गेले. नेटवर्कपासून तुटलेली एक प्रत असावी, या नियमाचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. वर्दळीची संस्था वाचली ती योजनेने नव्हे, वीज जाण्याने.

ऑगस्ट २०१८ : पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएमकडून आलेली विनंती मध्यवर्ती प्रणालीकडे पडताळणीसाठी नेणाऱ्या व्यवस्थेच्या जागी चोरट्यांनी बनावट व्यवस्था उभी केली आणि ती स्वतःच होकार देऊ लागली. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठविण्यात आले. या प्रकरणी पुण्यातील न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले.

जुलै २०२४ : १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. मुंबईसह भारतातील विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली व काही ठिकाणी हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. दोष स्वयंचलित मार्गाने पोचला, परंतु दुरुस्तीसाठी बहुतेक यंत्रांपाशी माणसाला जावे लागले.

कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा या क्षेत्रातील मूळ कायदा आहे. मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे, विदा काढून घेणे किंवा नष्ट करणे याविषयी कलम ४३ व ६६ मध्ये तरतुदी आहेत. कलम ७० ब नुसार 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था सायबर घटनांची दखल घेते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विशिष्ट घटनांची माहिती सहा तासांच्या आत देणे, लॉग १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने नागरिकांच्या माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थांवर टाकली आहे.

शिक्षण

अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या पदव्यांखेरीज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'कोपा' हा व्यवसाय अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा २००१ पासून चालणारा एमएस-सीआयटी हा प्राथमिक अभ्यासक्रम या क्षेत्राची तोंडओळख करून देतात. लिनक्स व तिच्यावरील बहुतेक साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने एका जुन्या संगणकावर घरच्या घरी सराव करता येतो. सुस्पष्ट लेखन हे या व्यवसायात तांत्रिक ज्ञानाइतकेच मोलाचे मानले जाते, कारण मध्यरात्री बिघाड झाला असता दुसऱ्याने लिहून ठेवलेली टिपणेच उपयोगी पडतात.

लहान कार्यालये

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या शाळा, पतसंस्था किंवा दवाखाने यांना पूर्णवेळ प्रशासक ठेवणे सहसा परवडत नाही. हे काम संगणकाची आवड असलेला शिक्षक, लिपिक अथवा बाहेरचा दुरुस्तीकार करतो. अशा संस्थांसाठी पुढील किमान व्यवस्था पुरेशी उपयुक्त ठरते:

* प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते व पासवर्ड. नोकरी सोडताच खाते बंद.
* रोज आपोआप होणारा बॅकअप आणि आठवड्यातून एकदा काढून दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत.
* महिन्यातून एकदा बॅकअपवरून एखादी फाइल परत मिळवून पाहणे.
* अद्ययावतीकरण चालू ठेवणे व अनधिकृत आज्ञावली न वापरणे.
* यंत्रे, परवाने, जोडण्या व संपर्क यांची छापील वही. मुख्य पासवर्ड मोहरबंद पाकिटात संस्थाप्रमुखाकडे.

यातील शेवटची बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. सर्व माहिती एकाच व्यक्तीच्या स्मरणात असेल, तर तिच्या आजारपणात वा निधनानंतर संस्थेचे दप्तर संगणकात असूनही हाती लागत नाही.

हेही पहा

* ऑपरेटिंग सिस्टीम
* लिनक्स
* सायबर सुरक्षा
* सातबारा
* युनिकोड
* ई-प्रशासन